उघाडीवरची शकू

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं माझी आजी म्हणायची. आता आजीच गेली, आणि अल्पेशला तिच्याबद्दल चार गोड ओळी हव्या होत्या.

अल्पेश माझा चुलतभाऊ. रेती-विटांच्या धंद्यात त्याचं बरं चाललं, तेव्हा खाडीकाठच्या आमच्या गावातलं जुनं घर पाडून त्याने दुमजली बंगला बांधला. खाली मोठा हॉल. त्या हॉलच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांचा फलक लावायची त्याला हौस आली होती. प्रत्येकाचा फोटो आणि खाली चार ओळींत त्याचं आयुष्य. सर्वपित्री अमावास्येला गाव जेवायला बोलवायचं आणि त्याच दिवशी फलक लावायचा. ही दोन हजार सहा सालची गोष्ट. मी विरारच्या एका शाळेत मराठी शिकवत होते, राहायला एव्हरशाईन सिटीत. भावकीत मराठी शिकवणारी मी एकटीच, म्हणून फोन मला आला.

"ताई, छान लिही. जरा भारी शब्द टाक," अल्पेश म्हणाला. "लोक वाचून गप झाले पाहिजेत."

लोकांना गप करणं आमच्या घराला नवीन नव्हतं, पण फोनवर मी तसं बोलले नाही. बसले लिहायला.

पहिला आजा, राघो. त्याच्याकडे गावाची उघाडी होती. ज्यांनी खाजणातली शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं भात खाडीला लागून. खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. बांधाच्या पोटात एक दगडी मोरी, आणि मोरीच्या तोंडाला खाचेत बसणाऱ्या जाड फळ्या, ही उघाडी. ओहोटीला फळ्या उचलायच्या म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आत परत टाकायच्या, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं आणि पीक जळतं. हे दिवसातून दोनदा, आणि रोजची वेळ वेगळी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हे गणित आज्याला झोपेत विचारलं तरी यायचं. चाळीस घरांचं भात त्या फळ्यांवर होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर आज्याने हे काम दोन मुलगे सोडून मुलीच्या गळ्यात घातलं, कारण मुलगे नोकरीला लागले होते. त्याच्या चार ओळींत मी 'उघाडीचे राखणदार' लिहिलं. तेवढं खरं होतं.

दुसरी आजी, चांगुणा. भाताची रोपं लावताना, आवणीला, तिचा हात कुणी धरू शकत नसे आणि भांडणात तिची जीभ. तिसरे माझे वडील, मोरेश्वर. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. फलकावर ही ओळ शोभून दिसते. त्यांची मुलगी म्हणून मला ती वाचवत नाही, का ते पुढे कळेल.

चौथा काशीराम, वडिलांचा मोठा भाऊ, अल्पेशचा बाप. जिवंत असेपर्यंत मी त्याला मोठे काका म्हणत होते आणि वाकून नमस्कारही करत होते. इथे काशीरामच म्हणणार आहे. तो भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात होता. तिथून सुटल्यावर बांध कमिटीचा अध्यक्ष झाला, पांढरा लेंगा-झब्बा घालायला लागला, गणपतीत माईक धरायला लागला. दोन वर्षांपूर्वी हार्टने गेला तेव्हा बाजारपेठ अर्धा दिवस बंद होती. अल्पेशने त्याच्यासाठी ओळ आधीच ठरवून ठेवली होती: 'बांधाचा वाघ'.

आणि पाचवी शकू आते. माझ्या आत्याचं नाव अल्पेशने यादीत दिलंच नव्हतं. मी लिहून पाठवलं. काशीरामच्या ओळींमध्येही एक ओळ माझी घातली: 'त्र्याण्णव साली सर्वपित्रीला यांनी भरतीत उघाडी उचलली आणि आळ बहिणीवर टाकला.'

पाचही मजकूर पाठवले. तिसऱ्या दिवशी अल्पेशचा फोन आला.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? बाबांबद्दल काय लिहिलंयस हे?"

"खोटं आहे का?"

"खरं-खोटं कोण बघायला बसलंय आता? आणि शकू आते कशाला? ती तर दिलेली. तिचं पान तिच्या सासरी." मग जरा नरमून म्हणाला, "तिचा फोटोही नाहीये आपल्याकडे. फोटो नाही तर लावणार काय?"

"फोटो आणला तर लावशील?"

तो हसला. "आण आधी. मग बघू."

त्याला ठाऊक होतं, शकूचा फोटो आमच्या घरात कुणी कधी काढला नव्हता.

आता शकू. तिचं लग्न कामणच्या बाजूला झालं होतं. दोन वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि हिला एका पत्र्याच्या पेटीसकट माहेरी आणून सोडलं. तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्यानंतर तिने जवळजवळ तीस वर्षं उघाडी सांभाळली. काळी, उंच, पोटऱ्यांना कायम चिखल, दातांना मिश्री. देवी वगैरे नव्हती. तोंडाने फाटकी होती. मी बांधावर चप्पल घालून नाचले म्हणून शेणाच्या हाताने तिने मला थोबाडलं होतं. एकदा मोरीच्या तोंडाला चोरून जाळं लावणाऱ्या बाप्याला तिने जाळ्यासकट खाडीत ढकललं आणि तो बुडायला लागल्यावर शिव्या घालत स्वतःच उडी मारून बाहेर काढला. घड्याळ कधी वापरलं नाही. पंचांग तेवढं भिंतीला. "माणसाचं काय, उद्या येतो बोलतं आनि येत नाय. पानी येतं," असं म्हणायची.

एका बाबतीत मात्र ती गप्प असायची. टाकलेली बाई म्हणून पितरांच्या स्वयंपाकाला तिचा हात लागू देत नसत. आमच्याकडे सर्वपित्रीला गेलेल्या माणसाच्या नावाने पान वाढतात आणि त्या पानावर त्याच्या नावाने कुणाला तरी बसवतात, भाचा, जावई, शेजारी, कुणीही. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय घरातलं कुणी पानाला हात लावत नाही. अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला, आणि ती वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. म्हणजे घर जेवायला बसायचं तेव्हा शकू बांधावर. भरती फिरून पाणी उतरलं की ती तीन वाजता यायची आणि मागच्या पडवीत बसून उरलंसुरलं जेवायची. ते सगळ्यांच्या सोयीचं होतं.

त्र्याण्णवची सर्वपित्री ही आजा गेल्यानंतरची पहिली. आज्याचं पहिलं पान. आज्याला उघाडीतला जिताडा फार आवडायचा. भरतीबरोबर खाडीतून वर येणारा मोठा, गुबगुबीत मासा. आजीने आठ दिवस आधीपासून धोशा लावला होता की बापाच्या पानावर जिताडा पाहिजे. बाजारात मिळाला नाही. पाचूबंदरला लिलावात होता तो दुसऱ्याने उचलला. आजीची भावंडं जेवायला येणार होती. काशीरामच्या नाकाचा प्रश्न झाला.

सकाळी नऊला तो बांधावर गेला. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. शकूसाठी चहाची किटली घेऊन मी आधीच तिथे पोचले होते. त्यामुळे हे ऐकीव नाही.

"शकू, घरी जा तू," काशीराम म्हणाला. "आज बाचं पयलं पान हाय. तू रांध. तुज्या हातचं बाला आवडायचं."

शकूने त्याच्याकडे असं पाहिलं की मला तिथे उभं राहवेना. "मी? पितरांचं?"

"मंग काय झालं? मी बोलतो ना. उघाडी मी बघतो."

"दादा, आज अमावास्या. फली उचलू नको हां. काय झालं तरी उचलू नको."

"मना शिकवतंस?"

ती निघाली. सगळी वाट धावल्यासारखी चालली. घरी येऊन तिने चुलीवर पाणी तापवून अंघोळ केली आणि पेटीतलं लुगडं काढलं. आजीने तोंड वाकडं केलं, पण काशीरामचा हुकूम म्हटल्यावर बोलली नाही. शकूने वडे तळले, भोपळ्याची भाजी केली, तांदळाची खीर केली. चुलीपुढे ती गुणगुणत होती. शकूला गाणं येतं हे मला त्या दिवशी कळलं.

साडेअकराला काशीराम आला. धोतर कमरेपर्यंत ओलं, हातात जिताडा. चार किलोचा असेल. आजी हरखली. काकीने, म्हणजे काशीरामच्या बायकोने, मागच्या दारी बसून तो साफ केला. शकू चुलीपासून उठली.

"दादा, फली उचलली?"

"उचलली नि टाकली. झालं?"

"नीट बसली?"

"बसली गं. तू तळ आता. माणसं खोळंबली."

फळी बसली नव्हती. आजा जिताडा पकडायचा तो अष्टमीला, पाणी मंद असताना आणि ओहोटी लागल्यावर. अमावास्येच्या भरतीत एकदा फळी वर घेतली की पाण्याचा दाब तिला खाचेत तिरकी अडकवतो आणि मग चार गड्यांनीही ती खाली जात नाही. हे शकूला माहीत होतं, गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत होतं. भांडी पॉलिश करण्यात वीस वर्षं गेलेल्या काशीरामला माहीत नव्हतं. त्याने थोडा वेळ झटापट केली, मग बहुतेक म्हणाला असेल की भरती फिरली की पाणी आपोआप परत जाईल. आणि मासा घेऊन घरी आला.

शकू दारापर्यंत गेली होती. चपलेत पाय घातला होता. काकी म्हणाली, "आज तरी बस की. आज्याचं पान तू वाढ." शकू परत फिरली. तिची चूक म्हणायची तर एवढीच. तीस वर्षांत एक दुपार तिला घरात राहावंसं वाटलं.

आज्याच्या पानावर बसवलेल्या आजीच्या भावाने घास घेतला, आम्ही सगळे जेवायला लागलो. जिताडा सगळ्यांनी खाल्ला. आजीने, वडिलांनी, माझ्या आईने, मी. अल्पेश पंधरा वर्षांचा होता, त्याने परत मागून घेतला.

जेवणं निम्मी झाली असतील तेव्हा अंगणात माणसं आली. पुढे बॅप्टिस्ट. त्याचं शेत उघाडीला लागून पहिलं. छातीपर्यंत चिखल. मोरीच्या बाजूने बांध फुटला होता आणि खाडी शेतात शिरली होती. भाताच्या लोंब्या दाण्याने भरत होत्या. आठ-पंधरा दिवसांत कापणी आली असती.

बॅप्टिस्टला दारातून पहिली दिसली ती शकू, हातात वाढायचा डाव घेऊन.

"शकू, तू हितं? उघाडीवर कोन हाय?"

शकूने काशीरामकडे पाहिलं. काशीराम पानावरून उठलाही नाही.

"तिलाच इचारा," तो म्हणाला. "उघाडी तिची. सणाचं वडं खायला आली असंल पळून."

शकूने आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे. आजी खिरीकडे बघत होती. माझे वडील घास चावत होते, तो चावतच राहिले. मी सगळं जाणत होते. बांधावरचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण काशीराम घरचा कर्ता. त्याने होकार दिला म्हणून मी कॉलेजात होते, आणि त्याने नाही म्हटलं असतं तर दिवाळीनंतर माझं लग्न लागलं असतं. हा विचार मी नंतर शोधून काढलेला नाही. त्याच क्षणी, तोंडात घास असताना केला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्या पंक्तीत कुणालाच खवखवलं नाही.

"मी आले निघून," शकू म्हणाली.

का म्हणाली? मी खूप वर्षं विचार केला. एक तर चप्पल घालून ती परत फिरली होती, ते तिला टोचत असणार. दुसरं, काशीरामने केलं म्हटलं असतं तर गावाने उघाडी आमच्या घराकडून काढून घेतली असती. शकूने केलं म्हटल्यावर फक्त शकूकडून काढली. ते तिच्या ध्यानात आलं असेल. आमच्या तर आलंच होतं.

गावाच्या बैठकीत ठरलं की शकूने बांधावर पाय ठेवायचा नाही. उघाडी घराण्याकडेच राहिली, काशीरामच्या नावावर. फळ्या टाकायला त्याने गडी ठेवला. खारवलेल्या शेतांनी पुढची दोन वर्षं धड पीक दिलं नाही, आणि त्या दोन वर्षांत विहिरीवरच्या बायका शकू आली की घागर उचलून निघून जायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं समजू शकते, गावाला चोर माहीत नव्हता. घराला होता.

शकू पुढे सहा वर्षं जगली. मागच्या पडवीतच. भरतीच्या वेळेला अंगणात येऊन उभी राहायची आणि बांधाच्या दिशेने बघायची, पाणी तर तिथून दिसतही नव्हतं. तिला फक्त एका घरी काम मिळालं, बॅप्टिस्टच्या वाडीत. त्याची बायको रेजिना तिला बोलावून न्यायची. नव्व्याण्णवच्या श्रावणात कावीळ होऊन ती गेली. काशीरामने खांदा दिला आणि स्मशानात, गावादेखत, डोळे पुसत म्हणाला, "जाऊ दे. मी तिला माफ केली."

त्या दिवशीही मी गप्प होते. पण त्या दिवसापासून मला त्या माणसाचं तोंड बघवेना.

त्या भादव्यात मी पानाचं विचारलं, तेव्हा काशीरामने सांगितलं, दिलेल्या मुलीचं पान सासरी. मी कामणला जाऊन आले. तिच्या सवतीच्या मुलाने मला चहा पाजला आणि म्हणाला, आम्ही तिला ओळखत नाही हो. म्हणजे शकूचं पान कुठेच नाही. आणि आता अल्पेशचा फलकही नाही.

म्हणून अमावास्येच्या दोन दिवस आधी मी फोटो शोधत रेजिनाकडे गेले.

रेजिना सत्तरीला टेकली होती. तिने कपाटातून अल्बम काढला. तिच्या मुलीच्या, क्लेमेंटीनच्या लग्नाचा, शहाण्णव सालचा. शेवटून तिसऱ्या पानावर शकू सापडली. मांडवाच्या कडेला हातात बशी घेऊन उभी, कॅमेरेवाल्यावर चिडलेली. मला एकदम रडू आलं.

"रडतेस कशाला?" रेजिना म्हणाली. "तिचं सगलं होतंय. दर दोन नोव्हेंबरला, मेलेल्या लोकांची चर्चात मिस्सा असते ना, तिला मी शकूचं नाव देते. फादरनी एकदा इचारलं, ही शकू कुठल्या घरातली? मी बोल्ले, आमच्या."

आमच्या सात पिढ्यांच्या घरात जिला पान नाही, तिचं नाव चर्चमध्ये सात वर्षं वाचलं जात होतं. ज्या बाईचं शेत आम्ही बुडवलं तिने ते दिलं होतं.

"तुम्ही का देता, रेजिनाबाय?"

"तुमी पान घालत नाय, ठाऊक होतं मना. आनि दुसरं कोन मागेल तिच्यासाठी? आमचं शेत गेलं तिच्यापायी, दोन वर्सां विकतचा तांदूल खाल्ला. म्हनून मीच मागते. देवा, चुकली ती बाय, तिला माफ कर."

मग मी सांगितलं. बांधावरचं, जिताड्याचं, चपलेचं, पंक्तीचं. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

रेजिनाने अल्बम मिटला. बोलली तेव्हा आवाज बदलला होता.

"सात वर्सां मी तिच्या पापाची माफी मागतेय. पाप तिचं नव्हतंच. म्हंजे देवाच्या पुढ्यात उभी राहून दरवर्सी मी तिच्यावर आल घेत होते. तुमी मना पन त्यात घेतलं."

"चूक झाली माझी."

"तू कॉलेजात होतीस ना तवा?"

"हो."

"मंग?"

ती उठली आणि अल्बम परत कपाटात ठेवून चावी फिरवली.

"फोटो मिलनार नाय. काशीरामच्या बाजूला तिला लटकवायची? अजाबात नाय." मग दाराशी उभी राहून म्हणाली, "अमावासेला आमाला पन आवतान हाय. तू तिथं बोल, सगल्यांच्या पुढ्यात. नायतर मी बोलेन. आनि मी बोलले तं कोन कोन जेवत होतं, ते नाव घेऊन बोलेन."

तिच्या दारातून हाकलल्यासारखी मी बाहेर पडले. हाकलल्यासारखी कशाला, हाकललंच.

अमावास्येला अल्पेशचा हॉल भरला होता. फलक भिंतीवर, चार फोटो, चार हार. फोटोंखाली चार पाट, चार पानं वाढलेली. काशीरामच्या पानावर जिताडा होता, अल्पेशने मुद्दाम मागवलेला. काशीरामच्या नावाने अल्पेशचा मेव्हणा बसणार होता. गावची पन्नासेक माणसं भिंतीला लागून पंगतीत. बॅप्टिस्ट आणि रेजिना दाराजवळ.

मेव्हणा पाटाकडे निघाला आणि मी मध्ये उभी राहिले. वर्गात पंचावन्न पोरांपुढे माझा आवाज कधी कापत नाही, इथे कापला. पण सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. मी जेवत होते हेही.

अल्पेश पांढरा पडला. "ताई, आज पितरांचा दिवस आहे. बाबा आता उत्तर द्यायला नाहीत. मेलेल्या माणसावर चिखल उडवतेस?"

"शकू आतेही मेलीच आहे. तिच्यावरचा पुसतेय."

"साक्ष काय याला?"

"तू आहेस. तू मासा परत मागून घेतला होतास."

त्याने तोंड फिरवलं. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो. कुठलं शेत नि कुठली उघाडी राहिली आता? झालं गेलं." दोन-चार माना डोलल्या. ते खरंही होतं. निम्मं खाजण विकलं गेलं होतं, त्यावर मातीचे ढीग पडले होते. ज्या भातापायी शकूला वाळीत टाकलं, त्या भाताची आता कुणालाच गरज नव्हती. मला वाटलं, संपलं. हे लोक आता पानाला हात लावतील आणि जेवतील, जसे आम्ही जेवलो होतो.

तेव्हा काकी उठली. काशीरामची बायको. गुडघ्यांमुळे तिला उठायलाच वेळ लागला.

"जिताडा मी साफ केला," ती म्हणाली. "आनि शकू बघायला निघाली व्हती, तिला मीच परत बसवली."

काकीने वाकून नवऱ्याच्या फोटोखालचं पान उचललं, दोन्ही हातांनी, आमटीचा ओघळ मनगटावर आला तरी. अल्पेश म्हणाला, "आई, काय करतेस," तिने लक्ष दिलं नाही. पान घेऊन ती पंगतीमधून दारापर्यंत गेली आणि रेजिनासमोर ठेवलं.

"शकूच्या नावानं तू बस," काकी म्हणाली. "आमच्यातलं कोन बसायच्या लायकीचं नाय."

रेजिनाने आधी काकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत माया नव्हती. मला वाटलं ती पान ढकलून देईल. तिने छातीवर क्रूस केला आणि जेवायला लागली.

घाई केली नाही. प्रत्येक काटा काढून बाजूला ठेवत, भात कालवून, खीर वाटी तिरकी करून संपवली. कायदा होता पहिल्या घासापर्यंतच थांबायचा, पण तो घास झाला तरी तिला जेवताना बघून कुणाचा हात पुढे जाईना. अख्खा गाव हात मांडीवर ठेवून शकूचं जेवण होण्याची वाट बघत बसला. बॅप्टिस्ट बायकोच्या शेजारी मान खाली घालून रडत होता. ज्या माणसाने त्या दुपारी पहिला सवाल विचारला होता त्याला रडताना बघून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

पान संपल्यावर रेजिना उठली, हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन थांबली.

"दोन नोव्हेंबरला ये," ती म्हणाली. "माफी तुज्या तोंडानं माग. तुज्यासाठी. तिच्यासाठी नको."

मी गेले. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले, शकूचं नाव वाचलं तेव्हा उभी राहिले. माफी मागितली. मिळाली असं मला अजून वाटलेलं नाही.